मी सारवलेला कोपरा

शहापूरच्या स्टँडवर मुरबाडची एस.टी. लागली, तेव्हा माझ्या पिशवीत एक मोजायचा टेप आणि एक वही होती. निघालो होतो खोली शोधायला. भाड्याची नव्हे, कॉम्प्युटरात बांधायची.

कल्याणच्या थ्रीडी क्लासात आमचं पहिलं मोठं काम म्हणजे एक खोली. मी पलंग, टेबल, फुलदाणी सगळं जागच्या जागी बसवलं होतं. सर म्हणाले, "इथे कोणी राहत नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत दुसरी कर, नाहीतर नव्या बॅचबरोबर पहिल्यापासून बस." माझा चेहरा पाहून शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या दिनेशला दया आली. तो मुरबाडकडचा. "रविवारी माझ्या मावशीच्या घरी जा," तो म्हणाला, "निरोप धाडतो."

भाताची कापणी उरकली होती. खाचरं मोकळी पडली होती आणि खळ्यांवर उडव्या (भाताच्या भाऱ्यांचे रचलेले ढीग) उभ्या होत्या. मुरबाडला वडापाव खाल्ला आणि पाड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये चौदावा म्हणून शिरलो. पहिल्याच खड्ड्याला टेप पिशवीतून निसटला आणि शेजारच्या बाईंच्या भाजीच्या पाटीत पडला.

"जमीन मोजाया आलास काय रे?"

"नाही, घर बांधतोय. कॉम्प्युटरमध्ये."

"मंग बरां. गळायचा नाय!" सगळी जीप हसली. मीही हसलो आणि टेप पिशवीत खोल कोंबला.

मावशींचं घर पाड्याच्या टोकाला. दार सताड उघडं. हाक मारली, चपला काढल्या आणि आत शिरलो. चपला काढायची अक्कल होती, पुढची नव्हती.

"आरं आरं! पाय काढ मागं!" मागच्या अंगणातून मावशी धावत आल्या.

जमीन नुकतीच सारवलेली. तिच्यावर माझा उजवा पाय पाचही बोटांसकट उमटला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दिनेशनं धाडला तो तूच ना? आमच्यात ज्यानं मोडलं त्यानंच सारवायचं. पावना असला तरी." त्यांनी शेणकाल्याचं घमेलं पुढे सरकवलं.

दाराजवळचा तो कोपरा मी उकिडवा बसून सारवला. मावशींच्या हाताची वळणं कोपरापासून फिरलेली, रुंद, एकात एक बसणारी. माझी आखूड आणि उलट्या दिशेची.

"कोंबडीनं उकरलाय जसा!" त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

आता वाळेपर्यंत आत कोणीच जायचं नाही. टेप निकामी झाला. उंबऱ्याबाहेर बसून तांदळाची भाकर आणि सुकटाची चटणी खात मी नुसता आत बघत राहिलो. कुडाच्या भिंतीवर (कारवीच्या काटक्यांना माती लिंपलेली) चुलीच्या बाजूला काजळी चढलेली. एकाच खिळ्याला छत्री आणि दोन वर्षांची कॅलेंडरं. छपरात एक काचेचं कौल. त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा माझी भाकर संपेपर्यंत कणगीवरून (भात साठवायच्या बांबूच्या कोठीवरून) उतरून जमिनीवर आला होता. ऊन घरात असं हिंडतं हे मी इतकी वर्षं घरात राहून पाहिलंच नव्हतं. फार आनंद झाला. वही भरून गेली.

निघताना विचारलं, "मावशी, तो कोपरा पुन्हा सारवणार?"

"नाय रे. पुढल्या सारवणीपत्तुर तुझाच तो."

परतीच्या एस.टी.त माझ्या हाताच्या वासाने शेजारचे गृहस्थ उठून मागे गेले. खिडकी आयती मिळाली.

सोमवारी क्लास उघडला तेव्हा मी दारातच उभा होतो. संध्याकाळी खोली तयार झाली. पलंग नाही, फुलदाणी नाही. दोन तालुके हिंडून मी एकही माप आणलं नव्हतं, तरी कुठे काय ठेवायचं ते हाताला ठाऊक होतं.

सरांनी खोली पडद्यावर चारही बाजूंनी फिरवून पाहिली. मग त्यांनी दाराजवळ बोट ठेवलं. "एवढा कोपरा बिघडलाय. रेघा उलट्या आहेत."

"बिघडला नाही, सर. तो मी सारवलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

"वाळलाय का?" त्यांनी विचारलं.