वहिनीच्या पायांचा एक्स-रे

मी नववीत असताना वहिनी लग्न होऊन आमच्या धानोऱ्याच्या घरी आली. परीक्षेच्या दिवसांत ती माझ्या हातातला झाडू काढून घ्यायची आणि म्हणायची, "ताई, तुम्ही पुस्तक धरा." आमच्या घरातली पहिली पदवी मला मिळाली, पण तिच्यामागे निम्मे कष्ट वहिनीचे आहेत. तिच्या हातांची बोटे सकाळी तास-दीड तास आखडू लागली, चहाचा पेला ती दोन्ही तळव्यांत धरू लागली, तेव्हा म्हणूनच तिला नंदुरबारच्या डॉक्टरबाईंना दाखवायचे मी मनावर घेतले. आई आणि भाऊही सोबत आले.

आमवात आहे, हे आधीच्या तपासणीतच कळले होते. डॉक्टरबाईंनी तिच्या हातांचा एकेक सांधा दाबून पाहिला.

"काहींचे सांधे सावकाश झिजतात, काहींचे भराभर," त्या म्हणाल्या. "तुमचा रक्ताचा रिपोर्ट मला भराभरवाल्यांचा वाटतो. पायाच्या लहान हाडांत झीज आधी दिसू शकते. दिसली, तर पहिल्यापासूनच जोरदार औषध देऊ. झिजलेलं हाड परत भरून येत नाही. जोडवी काढा, पायांचाही एक्स-रे करू."

"पाय बरा शेतस, बाई. हातच दुखतस," वहिनी घाईने म्हणाली.

मीही मान डोलावली. दवाखान्याचा फॉर्म मीच भरला होता. 'पाय दुखतात का?' या प्रश्नापुढे मी तिचे पाय न पाहता सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिले होते.

कोपऱ्यात बसलेली आई एकदम म्हणाली, "खोटं बोलस ती. दोन महिनापासून मन्हा पोऱ्यानी चप्पल घाली ऱ्हायनी. तिनी तिले होत नई."

वहिनीने भावाच्या चपलांतले पाय साडीखाली ओढून घेतले. तिची बोटे सुजून जोडवी रुतली होती. जोडवी काढायला गेली असती, तर सूज सगळ्यांना कळली असती. कापावी लागली, तर सवाष्णीला अपशकुन. म्हणून तिने पायांचे दुखणेच लपवले होते.

साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिले. जोडवी हलेनात. शेवटी आम्ही बाजारात सोनाराकडे गेलो. त्याने कात्री हातात घेतली आणि पुन्हा ठेवली.

"आई, सवाष्णीची जोडवी आहेत. घरात विचारलंत का?"

"मी सासू शे तिनी. अजून कोनले विचारू?" आई म्हणाली. "तिना नवरा बाहेर रिक्षामा बसेल शे, कचोरी खाई ऱ्हायना. तू काप!"

वहिनीचे डोळे भरले होते, पण कचोरीचे ऐकून तिला हसू फुटले. सोनारही हसला. त्या हसण्यातच कात्री चालली.

एक्स-रेमध्ये उजव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी हाडाच्या कडेला उंदराने कुरतडावे तशी बारीक खाच दिसली. मी घाबरले. डॉक्टरबाईंनी मात्र लगेच लिहायला घेतले.

"बरं झालं, आत्ताच कळलं," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी जोरदार औषध सुरू झाले. मी फॉर्म परत मागून घेतला आणि माझे 'नाही' खोडले.

वर्षभर आम्ही ठरल्या तारखांना रक्त तपासायला गेलो. गोळ्यांनी आधी तिला मळमळायचे, मग अंगवळणी पडले. सकाळी बोटे लवकर मोकळी होऊ लागली. पण आत हाडाची खाच वाढते आहे की थांबली आहे, ते वरून कळत नव्हते. गेल्या महिन्यात पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरबाईंनी दोन्ही फिल्म उजेडात शेजारी शेजारी लावल्या.

वहिनी पुढे वाकून बराच वेळ पाहत राहिली. कधी ही, कधी ती. मग कावरीबावरी होऊन माझ्याकडे वळली.

"ताई, यामा नवी कोनती आन् जुनी कोनती? माले तर काहीच फरक दिसत नई."

"मलाही नाही दिसत," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि हसून तिच्या पाठीवर थाप मारली.