मामांचं नाक

साऱ्या सोलापूर जिल्ह्यात दारूवर इतकं निस्सीम प्रेम करणारा आणि तिचा एक थेंबही जिभेला न लावलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सोमवारचा कडक उपास, आणि नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, मुख्य केमिस्ट म्हणून. त्यांचं लग्न ठरताना मध्यस्थाने ‘मुलगा साखरेत आहे’ एवढंच सांगितलं होतं. खरा प्रकार मामींना कळला तो लग्नानंतर, धुण्याचे कपडे भिजवताना आलेल्या वासावरून. तीन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मामांनी त्यांना मळीपासून स्पिरिट कसं होतं ते इतकं रंगवून सांगितलं, की अबोला मोडला तो त्यांना मध्येच थांबवण्यासाठी.

मामांचं सगळं भांडवल नाकात होतं. कारखान्यात मीटर होते, प्रयोगशाळा होती, पण ताज्या स्पिरिटचे चार थेंब तळहातावर घेऊन, हात चोळून, ओंजळ नाकाशी नेऊन मामा ‘जाऊ द्या’ म्हणेपर्यंत टाकी भरायला कुणी धजत नसे. अडचण एवढीच की हे नाक ते घरीही घेऊन येत. आमच्या लग्नात त्यांनी मठ्ठ्याचं पातेलं उघडून हुंगलं आणि आचाऱ्याला बजावलं, “तीन वाजेपर्यंत वाढा. फुडं मी जबाबदार न्हाई.” साडेतीनला पोचलेल्या माझ्या चुलत्यांना पुढचे दोन दिवस त्या वाक्याची आठवण होती. एकदा मित्रांबरोबर बसून मी वेलची चघळत घरी आलो, तर मामा कट्ट्यावरच बसलेले. त्यांनी मला उपदेश केला नाही. फक्त खालच्या आवाजात म्हणाले, “जावईबापू, असलं नका घेऊ. ह्याची पयली धार नीट काढल्याली न्हाई.” लोक पहिल्या धारेची म्हणून मिटक्या मारत पितात ती खरं तर फेकून द्यायची असते, हे मला त्या दिवशी समजलं. शरमेने की काय, मी ती कंपनी कायमची सोडली. दारू बनवणारी, मित्रांची नव्हे.

असं हे नाक, मामा निवृत्त झाल्यावर, गेल्या वर्षीच्या तापात गेलं. ताप उतरला, चव परतली, वास काही परतला नाही. मामांनी हे कुणालाच सांगितलं नाही. मामींना कळलं ते दूध करपून घर धुराने भरलं तेव्हा, कारण मामा शेगडीशेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होते. त्यानंतर यंदा हंगाम सुरू झाल्यावर त्यांनी मला फोन केला. जुन्या दोस्तांना भेटायचं आहे, एक माढ्याकडे, एक मंगळवेढ्याकडे, दोघेही अजून डिस्टिलरीत, गाडी काढाल का? मी घ्यायला गेलो तेव्हा मामी दारापर्यंत आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “दोस्त-बिस्त निमित्त हाय. त्यांना बघायचंय, तितला वास तरी येतोय का. न्हाई आला तर सांभाळून आना त्यांना.” मी मान डोलावली. डिकीत मी एक रिकामी बाटली ठेवली होती, हे मात्र त्यांना बोललो नाही.

मोहोळ मागे पडलं. मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी धरून मामा बसले होते. माढ्याकडचे मित्र इनामदार फाटकावरच उभे होते. त्यांनी आम्हाला थेट मळी आंबवायच्या टाक्यांकडे नेलं आणि जुन्या सवयीने विचारलं, “अण्णा, सांगा की, किती वेळ राहिलाय हिचा आंबायला?” मामा टाकीला खेटून उभे राहिले. एक हात पत्र्यावर, कान जवळजवळ टेकलेला. “चार तास,” ते म्हणाले. इनामदारांनी नोंदवही पाहिली आणि कौतुकाने माझ्याकडे वळले, “बघितलं? नाक हाय का काय हाय!” मामा हसले. आत फसफसणं किती मंदावलं ते त्यांनी ऐकलं होतं आणि हाताला ऊब पाहिली होती. डिस्टिलरीत पाहुण्याला चहाशिवाय दुसरं काही देत नाहीत, हेही मला तिथेच कळलं.

मंगळवेढ्याकडच्या दादारावांनी बरीच वर्षं मामांच्या हाताखाली स्पिरिट गाळायचा कॉलम चालवला होता. त्यांनी विचारपूस केली, भाकरीची पिशवी कपाळाला लावली, आणि लगेच काचेच्या भांड्यात ताजं स्पिरिट घेऊन आले. “सायेब, हात फुडं करा.” इथे कान कामाचा नव्हता. मामांनी हात चोळले, ओंजळ नाकाशी नेली, आणि ती तिथेच राहिली. पाळीतली माणसं काम सोडून बघत होती. मला वाटलं, आता ते ‘जाऊ द्या’ म्हणतील आणि सुटतील. दादारावांनी तेवढ्यावर विश्वास ठेवून टाकी भरली असती. बहुधा मामांनाही तेच दिसलं असावं.

“दादाराव,” ते म्हणाले, “मला वास येत न्हाई. वरीस झालं. काईच येत न्हाई.”

दादारावांनी स्वतःच्या तळहातावर थेंब घेतले, चोळले, हुंगले. “उग्र हाय, सायेब.”

“कसा उग्र?”

“पिकल्या केळावानी.”

“वल्या केळाच्या सालीवानी का वाळल्या?”

दादारावांनी पुन्हा हुंगलं. “वल्या.”

“मग पयली धार राह्यलीय आत. आनखी थोडं वरनं काढ.”

ते गेले, व्हॉल्व्ह फिरवून आले, थोड्या वेळाने नवा नमुना घेतला. “आता न्हाई केळं.”

“जाऊ द्या,” मामा म्हणाले. टाकी भरायची मोटर सुरू झाली. मामांनी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसला.

परतताना दिवस कलला होता. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. मामांनी काच खाली केली.

“कसला वास येतोय?”

“काही नाही, मामा.”

“नीट घ्या की. तुमाला नाक हाय.”

चाळीस वर्षांचा असून मी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून श्वास घेतला. “धूर आहे. कुणीतरी हुरडा भाजतंय.”

“गोवऱ्या वल्या हायत का वाळल्या?”

“ओल्या असाव्यात.”

“आसाव्यात न्हाई. परत घ्या.”

मी गाडी हळू केली आणि परत घेतला. सोलापूर येईपर्यंत मी एकेक वास सांगत होतो आणि मामा डोळे मिटून मला दुरुस्त करत होते. त्यांना त्यातला एकही येत नव्हता, आणि त्यांची एकही दुरुस्ती चुकली नाही.