न्यूट्रल म्हणजे न इधर, न उधर

गोंदिया स्टेशनाबाहेर दाजींचा छोटा ट्रक उभा होता. एरवी त्यांच्या गिरणीतली तांदळाची पोती वाहणारा. आज मला आणि बायकोला कामठ्याला नेणार होता. ड्रायव्हर आणि बायको यांच्यामध्ये मी बसलो. पहिलाच खड्डा आला आणि माझ्या दोन गुडघ्यांमध्ये जी दांडी होती ती मी आधाराला गच्च धरून ओढली. ट्रक असा किंचाळला की बाजूच्या टांग्याचा घोडा बिथरला.

"बाबूजी, ये गियर है, पकड़ने का डंडा नहीं," ड्रायव्हर बाबूलाल म्हणाला. मी छत्री धरली.

भाचीचे लग्न होते, मुहूर्त गोरज. मामाने हात धरून आणल्याशिवाय नवरी अंतरपाटाशी जात नाही, आणि तिला मामा एकच, तो मी. पानाचा डबा शोधताना मी सकाळची गाडी चुकवली होती, त्यामुळे आता ऊन कलायला लागले होते.

दोन्हीकडे कापणी झालेल्या, भेगाळलेल्या बांध्या (धानाची शेते), मधून मोहाची झाडे. बिरसीच्या अलीकडे ट्रकने दोन उचक्या दिल्या आणि थांबला. बाबूलालने हँडल मारून पाहिले. शिव्याही दिल्या, पण बायको होती म्हणून हळू आवाजात.

मागून बैलगाडी आली. "काऊन (का) थांबली जी मोटार?" गाडीवान गणबाजीने विचारले.

"रुसलीय. आणि मी नवरीचा मामा आहे."

"मंग बसून काऊन राहिले जी?" त्याने बैल सोडले आणि दोराने ट्रकला जुंपले.

माझ्या पोटाकडे एक नजर टाकून बाबूलालने ठरवले की मागून धक्का तो देईल, स्टिअरिंग मी धरायचे. "बस, न्यूट्रल कर दीजिए."

मी मान डोलावली. न्यूट्रल म्हणजे काय, हे विचारायला माझ्या सदऱ्याची इस्त्री फार कडक होती. दांडी होती तिथून दुसरीकडे रेटली. कट् असा भरवशाचा आवाज आला.

"किया?"

"किया."

बैलांनी माना खाली घातल्या, बाबूलालने खांदा लावला. ट्रक जागचा हलेना. शेवटी डावा बैल सरळ खाली बसला.

"कायले (कशाला) मारता जी माह्या बैलायले?" गणबाजी म्हणाला. "मोटार मांगं ओढून राहिली."

बायको खाली उतरली. रुखवतासाठी आणलेल्या लाडवांतला एक काढून तिने बैलापुढे धरला. लाडू संपल्यावर तो उठला.

बाबूलाल खिडकीशी आला. "डंडा हिलता है?"

"छे. पक्का बसवलाय," मी अभिमानाने म्हणालो.

त्याने कपाळ पुसले. "बाबूजी, न्यूट्रल मतलब न इधर, न उधर. बीच में, ढीला. क्लच दबाके."

सूर्य मोहाच्या शेंड्याखाली गेला होता. मी क्लच दाबून दांडी मागे घेतली. ती मध्ये येऊन खुंटीवरच्या पिशवीसारखी झुलू लागली. बैलांनी पाऊल उचलले आणि ट्रक वासरासारखा मागोमाग निघाला.

कामठ्याच्या वेशीत गुरे परतत होती. त्यांच्याच धुळीतून आम्ही मांडवापाशी पोहोचलो.

"अरे, गोरज म्हणजे गुरांबरोबरच यायचं असं नसतं," ताई म्हणाली. भाचीने माझा हात धरला. मी तिला तसाच अंतरपाटाशी घेऊन गेलो. मंगलाष्टके संपेपर्यंत माझ्या टोपीवरून धूळ गळत होती.

परतीच्या आगगाडीत, तुमसर गेल्यावर, बायको बोलली. "अहो, सासूबाईंचं नि माझं वाजतं तेव्हा तुम्ही असता, तेच ना ते न्यूट्रल?"

मी टोपीवरची धूळ झटकली.

"मग काल एवढा वेळ का लागला? घरी तर दांडीसुद्धा हलवावी लागत नाही."