तांब्यातलं तळं

त्या वर्षी माझं देवाशी भांडण होतं. अकरा महिने ह्यांचं पत्र नव्हतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तोच लढाई पेटली आणि हे पलटणीबरोबर समुद्रापार गेले. आधी आफ्रिकेतून पत्रं यायची, मग तीही थांबली. पाटणहून डाकवाला आठवड्यातून एकदा आमच्या गावी यायचा. तो पाराजवळ दिसला की मी हातातलं काम टाकून उंबऱ्यात यायची आणि तो लांबूनच मान हलवायचा. शेवटी शेवटी तर बिचारा आमचं दार टाळून मागच्या बोळानं जाऊ लागला.

मी सांगलीची. वडिलांचं हळदीचं दुकान, सातवीपर्यंत शाळा, आणि जीभ जरा तिखटच. कोयनेच्या खोऱ्यातल्या त्या गावातल्या रीती मला अडाणीपणाच्या वाटायच्या. त्यातलीच एक अशी की, जिचा माणूस परमुलखात असेल तिनं आश्विनातल्या पहिल्या मंगळवारी रानातल्या देवीच्या, म्हणजे आईच्या, तळ्यावर अनवाणी पळत जायचं. ऊन पाण्याला लागायच्या आत तांब्या भरायचा, पळतच परतायचं आणि ते पाणी त्याच्या घरी राहिलेल्या वहाणांवर शिंपडायचं. मग म्हणे वहाणा आपल्या धन्याला हाक मारतात. वाटेत मात्र तांब्या जमिनीला टेकवायचा नाही आणि कुणाशी बोलायचं नाही.

“आत्याबाई, वहाणांना तोंड असतं होय?” मी सासूबाईंना विचारलं.

“वहाणांना नसंल, पर तुला पाय हायती न्हवं?” त्या म्हणाल्या. “माझं गुडघं गेल्यात गं. मला पळता आलं असतं तर तुला कशाला म्हनली असती?”

त्यांचा आवाज चिरकला आणि मी तांब्या घासायला घेतला. त्यांचा तो एकुलता एक होता. आणखीही एक गोष्ट होती, जी मी त्यांना सांगितली नव्हती. शेवटच्या रजेत हे मला म्हणाले होते, “उद्या तुला तळं दाखवतो.” आणि त्या उद्याच्या सकाळीच पलटणीची तार आली.

तांबडं फुटताना मी नऊवारी वर खोचून निघाले. शाळेत लंगडी खेळले त्यानंतर मी कधी पळालेच नव्हते. करवंदीच्या जाळ्या, ओला पाचोळा, पोटऱ्यांना चिकटणाऱ्या जळवा. पहिल्या चढालाच जीव घशाशी आला. पण पुढे पुढे काय झालं कोण जाणे, भांडण मागे पडलं, नुसता श्वास उरला, आणि प्रत्येक श्वासाला मनात ह्यांचं नाव येऊ लागलं. ते नाव मी तोंडाने कधी घेतलेलं नव्हतं.

झाडी संपली आणि तळं समोर आलं. पाण्यावर विरळ धुकं, मधे पांढरी कमळं, काठाला आईचा तांदळा, शेंदूर लावलेला गोल दगड. इतकं निवांत पाणी मी आमच्या कृष्णेच्या घाटावरही पाहिलं नव्हतं. आईला चार गोष्टी सुनवायच्या ठरवून आले होते, त्यातली एकही आठवेना. एवढं देखणं तळं आणि दाखवणारा जवळ नाही, एवढंच मनात येऊन मला रडू कोसळलं. “त्यांना आण,” मी म्हणाले, “कसेही आण.” तांब्या भरला आणि फिरले.

वाटेतल्या ओढ्यापाशी झाडाच्या मुळात पाय अडकला. मी गुडघ्यावर आपटले, तांब्या घरंगळत गेला आणि सगळं पाणी पाचोळ्यात मुरलं. ऊन तर झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं, परत जाऊन उपयोग नव्हता. ह्यांना मीच हातातून सांडलं असं वाटून मी मोठ्याने रडले.

“का गं लेकी?” घोंगडं पांघरलेली एक म्हातारी धनगरीण जवळ उभी होती. बोलायचं नाही हे विसरून मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं कनवटीची तंबाखू चोळून माझ्या पायाच्या जळवा काढल्या आणि विचारलं, “ह्यो वढा कुटं जातुय?”

“मला काय ठाऊक.”

“तळ्यातच जातुय की. खाली गेल्यावर आईचं पानी, मग हितं कुनाचं? भर आन पळ.”

मी भरला आणि पळाले. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

वहाणांवर पाणी शिंपडलं, पण ते ओढ्यातलं आहे हे दुपारपर्यंतच लपवता आलं. शेवटी आत्याबाईंपाशी कबूल केलं. त्या डोळे पुसत हसल्या. “पळताना तांब्यात पानी ऱ्हातंय व्हय कुनाच्या? तुजं मामंजी मागल्या लढाईत गेलं तवा मी बी वढ्यातलंच आनलं हुतं.” मग म्हणाल्या, “पर ह्या दिसांत त्या रानात मेंढरं न्हेत न्हाईत. वलीनं खुरं कुजत्यात.”

“मग ती कोण होती?”

“कोन का असंना. लेक म्हनली न्हवं तुला?”

दीड महिन्याने पत्र आलं. दवाखान्यातून, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. ते मी पळाले त्याच्या आधीचं लिहिलेलं होतं, म्हणून ते त्या पाण्यानंच आणलं असा वाद मी कुणाशी घालत नाही. लढाई संपल्यावर हे आले. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन पोटभर रडले. ‘कसेही’ हा शब्द माझाच होता. रडून झाल्यावर कळलं की मागितलं ते सगळं मिळालंय. मागताना मी पाय मोजले नव्हते, आणि दारात आलेल्या माणसात कमी काय हे मोजायचा हक्क मला नव्हता.

आठवड्याने हे म्हणाले, “चल, तुला तळं दाखवतो.”

मी आधी जाऊन आले होते हे सांगितलं नाही. कुबडी टेकत पोहोचायला दुपार झाली. प्रत्येक वळणावर हे वाट सांगत होते आणि मी नवखीसारखी मागून चालत होते. ओढ्यावर बसून आम्ही ओंजळीने पाणी प्यायलो. तळ्यावर लख्ख ऊन पडलं होतं.

“बघ,” हे म्हणाले.

मी पाहिलं, आणि खरंच सांगते, तोवर ते तळं मी पाहिलंच नव्हतं.