गोठ्यापर्यंतचा माणूस

केरबा गेल्याचं मला करमाळ्याच्या एसटी स्टँडवर कळलं. आमच्या हिवताप ऑफिसातला एक फवारणी कामगार खांद्यावर पंप टाकून गाडीची वाट बघत होता. मला बघून म्हणाला, "अप्पा, केरबा गेला की वो." मी विचारलं, "कुठं? बदली झाली का?" त्यानं खांद्यावरचा पंप खाली ठेवला... तेव्हा उमगलं. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच संपलं. पंचेचाळिशीही गाठली नव्हती. चार दिवसांनी सोलापूरला ऑफिसात शोकसभा झाली. दोन मिनिटं उभे राहिलो, मग साहेब बोलले, "केरबा अत्यंत शांत कर्मचारी. त्याची कधी कशाबद्दल तक्रार नव्हती." ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या टेबलाच्या खणात त्याचे अर्ज कुजले, त्याच टेबलावर हात टेकून हे बोलणं चाललं होतं. मी तेव्हाही काही बोललो नाही. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. म्हणून आज महिना उलटल्यावर लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघंही कीटक समाहारक. हुद्दा ऐकायला भारदस्त, काम मात्र सकाळी लोकांच्या घरात शिरून भिंतीवरचे डास काचेच्या नळीत ओढून घ्यायचं. नळीला जोडलेली रबरी नळी तोंडात, दुसऱ्या हातात बॅटरी. किती सापडले, कुठल्या जातीचे, ते छापील फॉर्मवर भरायचं. गावातली माणसं आम्हांला डास धरणारे म्हणत आणि हसत. या कामाला घराच्या आतल्या खोलीपर्यंत जावं लागतं, आणि तिथंच घोडं अडायचं. मी लिंगायत, कपाळावरची विभूती बघून म्हाताऱ्या बायका मला थेट देवघरापर्यंत नेत, वर चहा देत. केरबा बौद्ध वस्तीतला. त्याला उंबऱ्यावरच थांबवत. सरकारी कामात अडथळा येतो म्हणून आम्हांला वर कळवता आलं असतं. ते सोडून मी एक शहाणपणाची वाटणी काढली, "केरबा, मी घर बघतो, तू गोठा बघ. वेळ वाचेल." तो "बरं" म्हणाला. मी त्याची अडचण दूर केली असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आता हे लिहिताना लाज वाटते.

माझ्या नळीत डास यायचे. त्याच्या नळीत डासांबरोबर आणखी काही यायला लागलं. डासाहून कितीतरी लहान, मातकट, केसाळ, बसताना पंख वर उभे धरणारी माशी. गुणगुण करत नाही, त्यामुळं चावेपर्यंत पत्ता लागत नाही. मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येते. तिला वाळूमाशी म्हणतात, पण वाळूशी तिचं काही देणंघेणं नाही. हे सगळं मला त्यानंच शिकवलं. "अप्पा, हुबं ऱ्हाऊन न्हाय दिसत ती. बसा खाली. गुडघ्याच्या खालच्या भेगंत बघा." मातीच्या भिंतीची भेग, शेणमुतानं ओलावलेली भुई, कोपऱ्यातला अंधार... तिथंच तिची अंडी, तिथंच अळ्या. तिला लांब उडता येत नाही, टुणटुण करत भिंतीभिंतीनं सरकते. म्हणून जिथं जनावर आणि माणूस एकाच भिंतीच्या दोन बाजूंना झोपतात, तिथं ती दोघांचंही रक्त पिते. आमच्या फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नव्हता. केरबानं समासात लिहून पाठवलं. साहेबांनी लाल शाईत शेरा मारून फॉर्म परत केला, "अनावश्यक मजकूर लिहू नये."

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. माढ्याच्या बाजूचं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथंच आहेत. घरातला मुलगा रेल्वेत. बायकोसह बिहारमध्ये काही वर्षं काढून कुर्डुवाडीला बदली करून आला होता. मी नेहमीप्रमाणे आत गेलो. कुणाला तापबीप आहे का विचारलं, तर त्याची आई म्हणाली, "न्हाय, समदी बरी हायती." मी तसं लिहिलं आणि चहा प्यालो. केरबा गोठ्यातून आला तो वेगळाच चेहरा घेऊन. गोठ्याच्या आडभिंतीपलीकडं वैरणीच्या खोलीत त्या मुलाची बायको पडली होती. चार महिन्यांचा ताप, हातापायाच्या काड्या, पोटाची डावी बाजू फुगलेली, कातडी करपल्यासारखी काळवंडलेली. आल्यागेल्याच्या नजरेला पडू नये म्हणून तिला तिथं ठेवली होती. हिवतापाच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या, रक्ताच्या काचेवर काही सापडत नव्हतं. "ह्यो हिवताप न्हाय, अप्पा," केरबा म्हणाला, "बिहारातला काळा आजार हाय ह्यो. आन् तिच्या उशाच्या भेगंत माशी बसलीया. हिचं रगत पिऊन ती दुसऱ्याला चावली म्हंजी?" ट्रेनिंगमध्ये एका म्हाताऱ्या शिक्षकानं या रोगावर अर्धा तास सांगितलं होतं. आम्ही डुलक्या घेतल्या होत्या, यानं वही भरली होती.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात हा रोग नाही. डास धरणाऱ्यानं निदान करू नये." म्हणजे रोगानं जिल्ह्याची हद्द बघून मागं फिरायचं! केरबानं किमान गोठा तरी फवारा म्हटलं, तर औषध फक्त घरांसाठी मंजूर. मग केरबानं अर्ज लिहिला आणि माझ्यापुढं ठेवला. "तुमची सही आसली तर वाचत्याल." मी म्हणालो, "जरा थांब, साहेबांचा राग निवळू दे." पंधरा दिवस मी थांबवून धरलं. त्या पंधरा दिवसांत ती बाई उठून बसेनाशी झाली.

मग त्यानं माझी वाट बघणं सोडलं. रजेचा अर्ज टाकला, नवऱ्याला रेल्वेच्या वर्कशॉपच्या दारात गाठून समजावलं आणि कुर्डुवाडीहून गाडीनं तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सासू बरोबर होती, म्हणून हा शेजारच्या डब्यात बसला. मला हे सांगताना त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. पुण्याला हाडातला मगज काढून तपासला, त्यात काळ्या आजाराचे परजीवी सापडले, इंजेक्शनं सुरू झाली आणि बाई वाचली. साहेबांनी वर कळवलं की कार्यालयाच्या दक्षतेमुळे रुग्ण वेळेत सापडला. केरबाला मेमो मिळाला, रजा मंजूर होण्याआधी मुख्यालय सोडल्याबद्दल. पुण्याचं पत्र आल्यावर गोठाही फवारला गेला. पुढच्या फेरीला सासूनं मला आत बोलावलं आणि त्याला म्हणाली, "तुमी गोठा बघता न्हवं?" काम झाल्यावर त्यानं चूळ भरायला पाणी मागितलं. तिनं ते वरून ओतलं. सून वाचवणाऱ्याच्या ओंजळीत वरून पाणी! आणि मी आत बसून चहा पीत होतो.

गेल्या आठवड्यात त्या गावी गेलो. सासू म्हणाली, "या अप्पा, आत या." मी आत गेलो नाही, सरळ गोठ्यात जाऊन उकिडवा बसलो. भिंतीच्या सगळ्या भेगा चुनामातीनं बुजवलेल्या होत्या. सून वैरणीची पेंढी घेऊन आली. चांगली भरली आहे आता. मला बघून दाराकडं नजर टाकत म्हणाली, "ते भाऊ न्हाय आलं?"

मी सांगितलं. तिनं पेंढी खाली ठेवली.

"त्येनीच सांगितल्यालं, भेगा बुजवा म्हून. दर अमुशाला लिंपते मी..." तिनं बुजवलेल्या भेगेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "त्येंचं नाव काय हुतं वो?"

या घरानं त्याची जात पहिल्याच दिवशी विचारून घेतली होती. नाव विचारलं जावं म्हणून त्याला मरावं लागलं.