दाव्याचं टोक

दाजींचा फोन आला तेव्हा मी किनवटच्या आमच्या आश्रमशाळेत सकाळची प्रार्थना घेत होतो. नाव बघितलं आणि उचलायच्या आधीच कळलं. दाजी एवढंच म्हणाले, "दिलीपराव, निघा." लातूरची वाट संपता संपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती संपू नये असंच वाटत होतं. मी पोचत नाही तोवर सुनंदाअक्का आहे, असला खुळा हिशेब करत मी गाडीत बसलो होतो. त्याला आता दीडेक महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. कशातून सुटली? तिला सुटायचंच नव्हतं. या शब्दाचा मला संताप येतो, पण मी चहा पुढे करतो.

अक्का, माझी थोरली बहीण, लातूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. आमचं गाव नायगावजवळ, घरी शेती. नोकरी लागली तेव्हा बाबांनी वळलेलं अंबाडीचं एक दावं तिने पिशवीत घालून नेलं. लातूर म्हणजे डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांचं गाव, आणि तिथं ही बाई गाय बांधायचं दावं घेऊन वर्गात! पोरं हसायची. ती हसू द्यायची आणि मग दाव्याचं टोक दाखवायची. टोकाला गाठ नसली की पीळ सुटतो, दावं उसवत जातं. आपल्या पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांनाही अशीच एक गाठ असते, तिला टेलोमिअर म्हणतात. पेशीच्या दोन पेशी झाल्या की दर वेळी ते टोक थोडं झिजतं. एवढं सांगून ती कात्रीने दाव्याचं टोक कापायची आणि नवी गाठ मारायची. असं होता होता गाठ मारायलाही जागा उरत नाही, मग पेशी वाढायची थांबते, थकते, मरते. "हे चांगलंय, तोंडं पाडू नका," ती म्हणायची. "पण एक हात असतो... टेलोमरेज." झिजल्या टोकाला नवा वाख, म्हणजे अंबाडीच्या सालीचा धागा, जोडावा तसं काम करणारं हे एन्झाइम. पोटात बाळ घडताना ते कामात असतं, पुढे बहुतेक पेशींत गप्प बसतं. कॅन्सरच्या पेशी त्याला पुन्हा जागं करतात. मग त्यांचं दावं आखूड होतच नाही, आणि त्या मरायचं विसरतात. "अमर व्हायची हौस असेल त्यांनी नीट लिहून घ्या," असा तिचा शेवट ठरलेला. दर वर्षी नवा वर्ग, तेच दावं आणि तीच कात्री.

तिच्या स्वतःच्या छातीत गाठ निघाली तेव्हा रिपोर्ट तिनेच आधी वाचला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले. पुढच्या वर्षी दुखणं यकृतात उगवलं. माय तेव्हा तिच्याकडेच राहायला आली होती. एका दुपारी मी भेटायला गेलो, तर माय तिचे पाय चेपत विचारत होती, "नंदे, एवढं जहर वतून राहिलेत, ती गाठ मरत कशी न्हाई गं?" अक्काने मला कपाटातलं दावं काढायला लावलं आणि वर्गात सांगायची तसं सगळं सांगितलं. मायने जन्मभर बाबांसमोर बसून दोर वळलेले. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हंजी कुणीतरी वाख जोडून राहिलंय त्या गाठीला."

"हाव."

"मंग तो हात धरायचं औशीद न्हाई का?"

"शोधून राहिलेत, माय. पण तो हात थोडा चांगल्या पेशींना बी लागतो. लई अवघड हाय. माझ्यापत्तूर न्हाई पोचलं अजून."

"मंग तवर थांब तू."

"थांबते की," अक्का म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं...

माय दावं हातात घेऊन बघत राहिली. ते जेमतेम वीतभर उरलं होतं. बाहेर येऊन तिने माझं मनगट आवळलं. "दिल्या, तिनं आपल्या हातानं कापलं रे आपलं आयुक्ष. दर साली कापलं." मी म्हणालो, "माय, ते नुसतं शिकवायचं दावं हाय." तिने ऐकलंच नाही. "गावाकडनं अंबाडी आण. मी जोडते."

मी शिकलेला माणूस. दुसऱ्याच दिवशी गावी गेलो, बांधावरची अंबाडी कापली, जुड्या बांधल्या आणि ओढ्यात दगडाखाली दाबल्या. अंबाडी पाण्यात कुजावी लागते, तेव्हा कुठे साल सुटते. घाई केली तर वाख तुटतो. किनवटहून मी सुट्टी मिळेल तेव्हा ओढ्यावर जायचो आणि गार पाण्यात हात घालून साल ओढून बघायचो. सुटत नव्हती. असल्या गोष्टींनी काही होत नाही हे मला कळत होतं, तरी मी त्या काड्यांना हात जोडत होतो. लवकर कुजा, बायांनो. साल सुटायच्या आधी दाजींचा फोन आला.

दिवसकार्य उरकल्यावर मायला मी किनवटला आणलं. येताना तिने ओढ्यातून जुड्या काढायला लावल्या. आता वाख सुरेख सुटला होता, पांढरा, लांब. पायाच्या अंगठ्यात त्या वीतभर दाव्याचं टोक धरून ती रोज पेड जोडत बसते. मागच्या आठवड्यात अक्काच्या जागी आलेल्या बाईंचा फोन आला. वर्गात तो धडा घ्यायचाय, मॅडमचं दावं मिळेल का? मी मायला विचारलं.

"कापायला मागून राहिलेत का?"

मी मान हलवली.

"न्हाई द्यायचं."

दावं आता खाटेपासून उंबऱ्यापर्यंत पोचलंय. त्यात बाबांनी वळलेलं, अक्काच्या हातातलं कुठलं, ते मला ओळखू येत नाही. मायला थांब म्हणायला पाहिजे, अक्का असती तर तिने म्हटलं असतं. माझी जीभ रेटत नाही. काल वाख संपत आला तेव्हा मायने मान वर करून माझ्याकडे नुसतं पाहिलं. आज सकाळी प्रार्थना उरकून मी बाजारात गेलो, अंबाडीच्या काड्यांच्या दोन जुड्या आणल्या आणि मागच्या हौदात भिजत घातल्या.