खिशातला कांदा

परवा सायकल शर्यतीत कोणीतरी ताकदीसाठी गोड जेलची पुडी हातात दिली. तोंडात कुणाचा तरी शेंबूड गेल्यासारखं वाटलं. मी थुंकूनच टाकलं.

इतकी शिसारी मला याआधी एकदाच आली होती, कॉलेजात असताना. मी आणि माझा दोस्त रफिक भर मे महिन्यात सायकलनं शेलूबाजारहून किन्हीराजाच्या पुढच्या रानात निघालो होतो. ऊन लागू नये म्हणून त्याच्या अम्मीनं दोघांच्या खिशात एकेक कांदा कोंबला होता. माळावर मला भोवळ आली. रफिकनं माझे मोजे ओढून काढले, माझा कांदा दगडानं ठेचला आणि तळव्यांना खसाखसा चोळला. मोज्यांचा आंबूस वास आणि वर कांद्याचा दर्प! मग त्यानं स्वतःच्या खिशातला, घामानं बुळबुळीत झालेला कांदा दातानं फोडला आणि तळवे चोळलेल्या त्याच हातानं अर्धा माझ्या तोंडापुढे धरला.

"खाय."

"घाण वाटते बे!"

"कायले तोंड वाकडं करून राह्यला? इथंच मराचं हाय काय? गिळ!"

नाक दाबून गिळला. सावलीत पडून राहिलो आणि उन्हं कलल्यावर उठून पॅडल मारू लागलो.

परवा ती पुडी फेकली, पाठीवरच्या खिशातून कांदा काढला आणि कचकन चावला. शेजारचा सायकलवाला "शी!" म्हणत दूर सरकला.